जंगी जगला पाहिजे

बोरगावच्या नत्थूजी कामडींना माणसांपेक्षा झाडं जास्त कळत. हे गावात सगळे मान्य करत. त्यांच्या बायको वच्छलाबाईही चारचौघांत हेच सांगत, फक्त त्या कौतुकानं सांगत नसत. दीडशे झाडांची संत्र्याची बाग, पलीकडे चार एकर कापूस. कोणत्या झाडाला पाणी जास्त झालं आणि कोणत्याला कमी, हे नत्थूजी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाता जाता सांगत. पण धाकट्या मुलीला ताप आला तेव्हा त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहून म्हटलं होतं, "पानं सुकल्यावानी दिसून राहिली हिची." वच्छलाबाईंनी त्या दिवशी त्यांना जेवण वाढताना भाजी वाढली नव्हती.

घरी कुत्रं आहे हे मात्र ते कबूल करत नसत. हरण्या नावाचा तांबूस रंगाचा कुत्रा चार वर्षांपासून त्यांच्यामागे हिंडत होता, त्यांच्या भाकरीतला चतकोर खात होता, त्यांच्या खाटेखाली झोपत होता. कोणी विचारलं तर नत्थूजी म्हणत, "बागेचा हाये. वानेरं हाकलते." नावसुद्धा त्यांनी त्याला बैलाचं ठेवलं होतं, म्हणजे लाड केल्यासारखं दिसायला नको.

बागेला लागून यशवंतरावांची बाग. नत्थूजी आणि यशवंतराव लहानपणी एकाच गुरुजींच्या छड्या खाऊन मोठे झालेले, आणि सात वर्षांपासून त्यांचं बोलणं बंद. कारण असं की नागपूरचा एक व्यापारी बाग पाहायला आला होता. त्याच्यासमोर यशवंतरावांनी नत्थूजींचं संत्रं सोललं, एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, "जराकसं जंभेरीवर गेलं, नत्थू." जंभेरी म्हणजे ज्या आंबट झाडाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात ते झाड. संत्रेवाल्याला असं म्हणणं म्हणजे भर मांडवात नवरदेवाच्या आईला तिचं माहेर विचारणं. व्यापारी हसला, यशवंतरावही हसले, आणि नत्थूजी जे घरी गेले ते पुन्हा बोललेच नाहीत.

पण अबोला धरला म्हणून शेजार थोडाच सुटतो! विहिरीच्या पाण्याची पाळी ठरवावी लागते, तोडलेल्या काट्यांचं कुंपण कोणी घालायचं ते ठरवावं लागतं. आमच्या भागात याला जुना उपाय आहे. माणसाशी बोलायचं नसेल तर बैलाशी बोलायचं, मोठ्यानं. नत्थूजी आपल्या बैलाला सांगत, "सर्ज्या, उद्या पानी आपल्याकडं हाये बरं!" आणि पलीकडून यशवंतराव कडुनिंबाला सांगत, "आयकलं बावा, आयकलं." सात वर्षांत दोघांचं एकही काम अडलं नाही. बैलाला मात्र बरंच काही ऐकून घ्यावं लागलं.

एकोणीसशे छप्पन्न सालच्या दिवाळीच्या आठवड्यात हरण्या आणि यशवंतरावांचा कुत्रा जंगी यांची धुऱ्यावर जुंपली. भाद्रपद कधीच सरला होता, पण कुत्र्यांना पंचांग कोण दाखवतो? वरच्या आळीतली एक पांढरी कुत्री तिकडून गेली एवढं निमित्त झालं. जंगी अंगानं दांडगा. नत्थूजी काठी घेऊन पोचेपर्यंत हरण्याच्या मागच्या मांडीचं चार बोटं कातडं लोंबत होतं.

आता, जखम पाहिली की नत्थूजींचे हात आपोआप चालू लागत. संत्र्याच्या खोडाला डिंक्या लागला, म्हणजे साल कुजून डिंक गळू लागला, की काय करायचं हे त्यांना झोपेतही माहीत होतं. धारदार चाकूनं खराब भाग साफ करायचा, धुवायचा, आणि मोरचूद आणि चुन्याचा निळा लेप जाडसर लावायचा. तो बोर्डो एका गाडग्यात तयारच होता. त्यांनी हरण्याच्या मांडीवरचे केस भादरले, मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, कातडं जागेवर बसवलं आणि वर हाताएवढा बोर्डो थापला. हरण्या असा ओरडला की विहिरीवरच्या बाया धावत आल्या.

"अवो, झाड हाये का ते?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"तू चूप राह्य. आठ दिवसांत नवी साल धरते पाह्य."

झाडात आणि कुत्र्यात एक फरक आहे तो नत्थूजींच्या लक्षात आला नाही. हरण्यानं रात्रभर ती मांडी चाटली. सकाळी पाहतात तो काय, जीभ निळी, तोंडाला लाळ, पोटात काही ठरेना, आणि पाण्याची वाटी पुढे केली तर तोंड फिरवून घेतो. विहिरीवरच्या बाया आदल्या दिवशी आल्याच होत्या, त्या पुन्हा आल्या. त्यांच्यातल्या एकीनं पहिल्यांदा तो शब्द उच्चारला आणि दुपारपर्यंत तो सगळ्या गावात झाला. हरण्या पिसाळला.

संध्याकाळी गावचे पटेल केशवराव आले. सोबत गावचा राखणदार कोटवार, त्याच्या हातात लोखंडी टोपणाची काठी. केशवराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी दुरूनच कुत्र्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हटलं, "नत्थूभाऊ, गावात लेकरं हायेत. जनावर पिसाळलं तं ठेवता येत नाही. जंगी पिसाळला असन, त्यानंच याले देल्लं."

"उद्याच्या दिवस थांब," नत्थूजी म्हणाले. "तालुक्याले, सौंसरच्या डॉक्टरले दाखवून आनतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बैलांची बंडी जुंपली. तोडणीचे दिवस, सगळा गाव संत्री भरून बंड्या काढत होता, आणि नत्थूजींच्या बंडीत पोत्याखाली कुत्रा. कोणी विचारलं तर ते म्हणत, "नमुन्याचा माल हाये." नमुन्याचा माल वाटेत चार वेळा केकाटला.

ती ऑक्टोबरची एकतीस तारीख होती. रात्री बारा वाजता सगळा भाग नव्या राज्यात जायचा होता. आतापर्यंत सरकार नागपुरात बसत होतं, उद्यापासून ते भोपाळला बसणार होतं. नागपूर स्वतः मात्र मुंबईच्या राज्यात चाललं होतं, आणि सौंसरच्या लोकांना वाटत होतं की घरातला मोठा भाऊ वेगळा निघाला आणि जाताना सांगूनही गेला नाही. ढोरांच्या दवाखान्यात फायलींचे दोन ढीग घातले होते, एक जाणाऱ्यांचा, एक राहणाऱ्यांचा. डॉक्टर नागपूरचे. त्यांची वाटणी मुंबईकडे झाली होती, आणि ते पत्र्याच्या ट्रंकेवर गुडघा देऊन ती बंद करत होते. तशातही त्यांनी हरण्याला टेबलावर घेतलं.

"हे निळं काय लावलं?"

"बोर्डो."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "नत्थूजी," ते म्हणाले, "झाड स्वतःला चाटत नाही."

नत्थूजींना आयुष्यात पहिल्यांदा झाडांच्या बाबतीत कोणीतरी काही शिकवलं होतं.

डॉक्टरांनी जखम पोटॅशच्या लाल पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली, टाके घातले. मोरचूद पोटात गेल्यामुळे लाळ गळते, ओकारी होते, पाणी नको वाटतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. आज चावलं आणि उद्या पिसाळलं असं कधी होत नसतं, त्याला आठवडे लागतात. दूध द्या, अंड्याचा पांढरा बलक द्या. आणि तोंड मांडीपर्यंत पोचणार नाही असं काहीतरी गळ्यात अडकवा.

"म्हंजे पिसाळला नाही?"

"हा तर नाहीच. पण ज्यानं चावा घेतला, त्याचं मी सांगू शकत नाही. त्याला दहा दिवस बांधून ठेवा. दहा दिवस तो धडधाकट जगला तर चावला तेव्हा त्याच्यात विष नव्हतं, म्हणजे तुमचाही सुटला. तो जर त्याआधी आजारी पडून मेला..." त्यांनी पटेलांच्या नावे तसं लिहून दिलं आणि पुन्हा ट्रंकेकडे वळले.

केशवरावांनी ती चिठ्ठी एक तारखेला वाचली. उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. "नत्थूभाऊ, ही तं जुन्या सरकारची हाये. काल रात्री बारा वाजता ते सरकार संपलं. नव्यात चालते का, हे मी कोनाले इचारू?"

"भोपाळले इचारून ये," नत्थूजी म्हणाले. "तोवर जंगीचे दहा दिवस होऊन जातीन."

केशवरावांनी विचार केला आणि कुत्र्याच्या बाबतीत दोन्ही सरकारांचं मत एकच असावं असं ठरवलं. मात्र त्यांनी बजावून सांगितलं, की दहाव्या दिवशी ते स्वतः येतील. जंगीनं त्यांच्यासमोर पाणी प्यायलं तर ठीक. नाहीतर दोन्ही कुत्र्यांना कोटवार पाहून घेईल.

घरी वच्छलाबाईंनी संत्र्याच्या टोपलीचं बूड कापून काढलं आणि ती हरण्याच्या गळ्यात बांधली. त्यांच्या स्वयंपाकघरात अंड्याचं टरफलही कधी आलं नव्हतं. त्यांनी अंगणात वेगळी चूल मांडली, बागेतल्या मजुरणीकडून अंडी आणवली आणि देवाकडे तोंड करून म्हटलं, "मी नाही फोडून राहिली, हे फोडून राहिले." फोडत त्याच होत्या. नत्थूजी टोपलीतून आत हात घालून चमच्यानं पाजत होते. दोन दिवसांत हरण्याची लाळ थांबली, तिसऱ्या दिवशी त्यानं शेपूट हलवलं. पण टोपलीतून बाहेर पाहणाऱ्या त्या तोंडाकडे बघून नत्थूजी उरलेले दिवस बोटांवर मोजत. याचं जगणं आता याच्या हातात नव्हतं. ते सगळं त्या दांडग्या जंगीच्या तब्येतीवर अवलंबून होतं.

म्हणून सात वर्षांनी नत्थूजी यशवंतरावांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले.

यशवंतराव खाटेवर बसून तंबाखू मळत होते. जंगी दारच्या खुंट्याला बांधलेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"जंगी," नत्थूजी घसा साफ करून म्हणाले, "पानी पेला का बे आज?"

यशवंतरावांनी तंबाखू तळहातावरच ठेवली. "सांग रे जंगी. दोन कटोरे पेलो म्हनावं."

"भाकर खाल्ली?"

"दोन खाल्ल्या म्हनावं. आनखी सांग, माह्या मालकाले काई कमी नाही, फाटकातून डोकावून पाहायची गरज नाही."

यशवंतरावांची बायको शकुबाई आतून चहा घेऊन आली. तिनं तो कप नत्थूजींच्या हातात दिला नाही, जंगीपासून दोन हातांवर जमिनीवर ठेवला. "जंगीच्या पाव्हण्यासाठी हाये," ती म्हणाली. पाहुण्यानं चार पावलं आत येऊन चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला.

मग रोजचंच झालं. सकाळी एकदा, दिवस बुडायच्या आधी एकदा. तिसऱ्या दिवसापासून नत्थूजी चहाच्या निमित्ताशिवायही फाटकाच्या आत येऊ लागले, पाचव्या दिवशी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले. जंगीला संत्र्याच्या बाजाराची बित्तंबातमी कळू लागली. सौंसरच्या कचेरीत आता अर्ज हिंदीत द्यावा लागतो म्हणे, हेही त्याला यशवंतरावांनी सांगितलं, आणि "जंगी, तुले हिंदी येते का बे?" असं नत्थूजींनी विचारल्यावर यशवंतराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते कुत्र्याकडे पाहूनच हसले, हे खरं.

पण घरी परतताना नत्थूजींच्या मनात एकच घोर. जंगी जगला पाहिजे. तो आजारी पडता कामा नये, तो अशक्त होता कामा नये. म्हणून ते सकाळी धोतराच्या सोग्यात तूप लावलेली भाकरी लपवून नेत आणि यशवंतराव आत गेले की जंगीपुढे टाकत. त्यांच्याच घरचा हरण्या पेजेवर होता. चावणारा तुपाशी, चावलेला उपाशी, असा न्याय बोरगावात तरी पूर्वी झाला नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी नत्थूजी अंगणात टोपल्यांत गवत घालत होते. फाटक वाजलं. यशवंतराव उभे होते. डोक्याला टोपी नव्हती. सात वर्षांत त्यांनी या अंगणात पाय ठेवला नव्हता. जुन्या सवयीनं त्यांनी टोपलीतल्या हरण्याकडे पाहून सुरुवात केली. "हरण्या, तुह्या मालकाले सांग..." मग ते सरळ नत्थूजींकडे वळले.

"नत्थू, जंगी खाऊन नाही राहिला. सकाळपासून पानीही नाही पेला."

नत्थूजींच्या हातातलं गवत खाली पडलं. आपल्याशी यशवंता बोलला, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते पुष्कळ वेळानं, आणि तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. हे त्याला लपवता आलं असतं. दाराला कडी लावून उद्यापर्यंत गप्प बसता आलं असतं. तो टोपी न घालता धावत सांगायला आला.

जंगी खुंट्यापाशी आडवा पडला होता. पोट फुगलेलं, डोळे मिटलेले. पाण्याचा कटोरा पुढे केला की नाक लावून मान फिरवी. दोघं त्याच्या दोन बाजूंना मातीत बसले. शकुबाई दारात पदर तोंडाला लावून उभी. वच्छलाबाई आल्या त्या तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"नत्थू, उद्या तो कोटवार..."

"चूप राह्य."

"माह्या कुत्र्यानं तुह्या कुत्र्याले खाल्लं रे."

"अरे चूप राह्य म्हनलं ना!" नत्थूजी ओरडले, आणि त्यांना रडू आलं. पंचावन्न वर्षांचा माणूस दुसऱ्याच्या अंगणात दुसऱ्याच्या कुत्र्यासाठी रडत होता, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. हरण्याला काठीखाली घालायचं ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. आता तर जंगीचीही होईना.

दिवस मावळायला आला तेव्हा जंगी एकाएकी उठला. पाठीची कमान केली, चार पाय रोवले, आणि त्यानं सगळी दिवाळी अंगणात काढून ठेवली. सगळे वाकून पाहू लागले. तुपाची भाकरी होतीच.

"हे मी देत होतो," नत्थूजी हळूच म्हणाले.

"आन हा अनारसा?" यशवंतराव म्हणाले. वच्छलाबाईंनी नजर चुकवली. त्या रोज दुपारी कुंपणाच्या फटीतून दोन अनारसे सारत होत्या. करंज्या शकुबाईच्या होत्या, नवरा झोपला की दिलेल्या. आणि यशवंतरावांनी, कोणाला न सांगता, म्हशीचं शेरभर दूध रोज रात्री पाजलं होतं. चौघांनाही एकच काळजी, आणि चौघांनीही ती एकमेकांपासून लपवून एकाच कुत्र्याच्या पोटात भरली होती.

रिकामा झालेला जंगी दोन पावलं चालला आणि कटोऱ्यात तोंड घालून चपाचपा पाणी प्यायला. सगळं संपवलं. शकुबाईनं पुन्हा भरलं, तेही संपवलं.

दहाव्या दिवशी सकाळी केशवराव पटेल आले. जंगीनं त्यांच्यासमोर पाणी प्यायलं आणि त्यांच्या नव्या चपलेवर थोडं सांडलंही. पटेल मग नत्थूजींच्या अंगणात आले, मागून दोन्ही घरची माणसं आणि दोरीला धरलेला जंगी. "सुटले दोघं," पटेलांनी जाहीर केलं. कोटवारानं काठी कुंपणाला टेकवली आणि बिडी काढली. वच्छलाबाईंनी हरण्याच्या गळ्यातली टोपली सोडली. मांडीवरची जखम भरत आली होती. हरण्यानं अंग झाडलं, चारी बाजूंनी जग एकदा नीट पाहून घेतलं, आणि कोणाला काही कळायच्या आत जाऊन जंगीच्या कानाला चावला.

एकच गलका झाला. दोघांना ओढून वेगळं केलं. यशवंतराव खाली बसले, जंगीचा कान उन्हाकडे धरून त्यांनी पुष्कळ वेळ पाहिला, केस बाजूला सारून पाहिला.

"नत्थू, पाह्य बरं. रक्त हाये का?"

नत्थूजींनी चष्मा लावला. कानाला ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी पुन्हा पाहिलं, मग यशवंतरावांच्या तोंडाकडे पाहिलं. दाढी वाढली होती. केस सगळे पांढरे झाले होते, ते कधी झाले हे नत्थूजींना ठाऊक नव्हतं.

"हाये," ते म्हणाले. "बारीक हाये, पन हाये."

"म्हंजे आता हरण्याले दहा दिवस पाहा लागन."

"लागन ना बावा. डॉक्टरचा नियम हाये."

केशवराव पटेल मध्ये पडले. "अरे पन हरण्या तं आत्ताच सुटला! मीच सोडला ना त्याले!"

"पटेल, तुमाले नाही कळत त्यातलं," दोघं एकदमच म्हणाले.

यशवंतराव गुडघ्यावर हात ठेवून उठले. फाटकापर्यंत गेले आणि थांबले. "मंग उद्या सकाळी येतो मी. पानी पेला का ते पाहाले."

"सकाळी येजो," नत्थूजी म्हणाले. "आन दिवस बुडताही येजो. एका वेळच्या पाहण्यावर काई भरोसा नाही ठेवता येत."